49 सीसी मिनी क्वाड आणि तिचं ‘परफॉर्मन्स किट’ : पैसे कशावर घालावेत, कशावर नाही

लहान मुलांसाठीची 49 सीसी क्वाड बाइक बाजारात वेगवेगळ्या नावांनी मिळते. स्टिकर वेगळे, प्लॅस्टिकचा रंग वेगळा, पण सीट उचलली की खाली बहुतेक वेळा एकच चिनी घराणं निघतं. 44 मिमी बोअरचं, हवेवर थंड होणारं टू-स्ट्रोक इंजिन, दोरी ओढून स्टार्ट, सेंट्रिफ्युगल (रेस वाढली की आपोआप धरणारा) क्लच, छोटा रिडक्शन गिअरबॉक्स, तिथून चेन आणि मागे डिफरन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी रचना) नसलेला सलग ॲक्सल. रिम 6 इंची, टायर 4.10-6. ब्रेक डिस्कचे खरे, पण केबलवर ओढले जाणारे. ही गाडी आणि तिच्याबरोबर हल्ली हमखास गळ्यात मारलं जाणारं ‘परफॉर्मन्स किट’, दोन्हींचं हे परीक्षण आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. गाडी ठीक, तिची जुळणी वाईट. किटमध्ये साधारणपणे सहा वस्तू येतात, त्यांतल्या दोनच घेण्यासारख्या. आणि गाडीत सर्वांत जास्त फरक पाडणारी वस्तू किटमध्ये नसतेच. ती म्हणजे मागचं स्प्रॉकेट, मागच्या ॲक्सलवरचं चेनचं दातेरी चक्र.

पंचवीस-तीस किलोचं मूल मुरमाच्या जमिनीवर गाडी चालवणार असेल, तर त्याला टॉप स्पीड नको असतं. त्याला हवा असतो पिकअप. अंगठ्याने थ्रॉटल (रेस द्यायचा दांडा) दाबला की गाडी अडखळत न सुटता सरळ निघावी, शेतातल्या बांधाचा चढ इंजिन न घुसमटता चढावा, आणि ब्रेक दाबला की थांबावी. तुलनेसाठी एक आकडा लक्षात ठेवा. अमेरिकेतल्या मानकानुसार 6 वर्षांपुढच्या मुलांच्या क्वाडचा कमाल वेग ताशी 15 मैल, म्हणजे 24 किमी असतो, आणि सुरुवातीला तो लिमिटरने 10 मैलांवर, म्हणजे 16 किमीवर बांधून ठेवावा लागतो. तिथली बालरोगतज्ज्ञांची संघटना तर 16 वर्षांखालच्या मुलांना क्वाड देऊच नका, असं सांगते. हे वाचूनही घ्यायचीच असेल, तर पुढचं वाचा.

खोक्यातून काढल्यावर

गाडी खोक्यात अर्धवट जोडून येते. हँडल, चाकं आणि बंपर दुकानात किंवा घरी बसवायचे असतात. दुकानातल्या पोऱ्याने वीस मिनिटांत जोडलेली गाडी परत उघडूनच बघावी. मागच्या ॲक्सलच्या नटला स्प्लिट पिन आहे का? पुढच्या दोन्ही चाकांच्या नटला आहे का? अनेकदा पिन खोक्याच्या तळाशी पिशवीतच राहिलेली असते.

इंजिन फ्रेमला धरणारे बोल्ट, सायलेन्सरच्या फ्लँजचे बोल्ट आणि मागच्या स्प्रॉकेटचे बोल्ट एकेक करून काढा. आटे पेट्रोलने पुसा, मध्यम ताकदीचं निळं लॉकटाइट (बोल्ट ढिले होऊ न देणारा डिंक) लावा आणि परत आवळा. सायलेन्सरच्या बोल्टला मात्र लॉकटाइट नको, तिथल्या उष्णतेत ते टिकत नाही. तिथे स्प्रिंग वॉशर घाला आणि पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर परत आवळा. ॲल्युमिनियममधले 6 मिमीचे बोल्ट मनगटाच्या जोराने आवळायचे, खांद्याच्या नाही. टॉर्क रेंच असेल तर 8 न्यूटन-मीटर पुरे. आटे एकदा गेले की हेलिकॉइल (नव्या आट्यांची स्टीलची गुंडाळी) बसवण्यापलीकडे इलाज नाही.

मग कार्ब्युरेटर आणि सिलिंडर यांच्यामधला मॅनिफोल्ड. या गाड्यांचं सगळ्यात कच्चं ठिकाण हेच. गॅस्केट पातळ कागदाचं, स्पेसर प्लॅस्टिकचा, आणि बोल्ट कमी-जास्त आवळले की तो वाकतो. फटीतून जादा हवा आत जाते, मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, इंजिन आधी जोरात पळतं आणि मग सीझ होतं, म्हणजे पिस्टन अडकून बसतो. तपासणी सोपी आहे. मागची चाकं उचलून इंजिन आयडलवर (रेस न देता) ठेवा आणि जोडावर कार्ब क्लीनरचा हलका फवारा मारा. आवाज बदलला, रेस वाढली किंवा इंजिन बसलं, तर तिथे गळती आहे. फवारा ज्वलनशील असतो, म्हणून हे काम मोकळ्यावर, सायलेन्सर गार असताना आणि हाताशी ओलं पोतं ठेवून करायचं. स्पेसर काचेवर ठेवलेल्या 400 नंबरच्या पॉलिश पेपरवर घासून सपाट करा आणि नवीन गॅस्केट घाला.

गाडी पहिल्यांदा सुरू करताना मागची दोन्ही चाकं जमिनीपासून वर हवीत. ही सूचना दुकानदार देत नाही, आणि नेमक्या याच क्षणी गाड्या भिंतीवर जातात. क्लचची स्प्रिंग तुटलेली किंवा ढिली असेल, तर त्याचे शूज (फिरताना बाहेर फेकले जाणारे तुकडे) आयडललाच बेलला (त्यांच्याभोवतीच्या वाटीला) चिकटतात आणि गाडी स्टार्ट होताक्षणी पळत सुटते. आयडलवर चाकं फिरत असतील, तर आधी आयडलचा स्क्रू कमी करा. तरीही फिरत असतील, तर क्लच उघडा. किल स्विचची दोरी मुलाच्या मनगटाला, आणि ती ओढल्यावर इंजिन खरोखर बंद पडतं की नाही, हे दर वेळी बघायचं.

टायरमधली हवा पेट्रोल पंपावर भरू नका. इतक्या कमी दाबाला पंपावरचा गेज नीट वाचतच नाही. कमी दाबाचा वेगळा गेज घ्या, आणि आकड्यापेक्षाही दोन्ही मागच्या टायरमध्ये सारखाच दाब असण्याकडे लक्ष द्या. ॲक्सल सलग असल्यामुळे एक टायर जरा मोठा झाला तरी गाडी सतत एका बाजूला ओढते, आणि लोक त्यासाठी उगाच हँडलचे रॉड फिरवत बसतात. रिम दोन तुकड्यांची, बोल्टने जोडलेली असेल, तर पंक्चर काढताना आधी हवा पूर्ण सोडा आणि मगच बोल्टला हात लावा. हे पंक्चरवाल्यालाही सांगा.

दातांचं गणित

आता मुख्य काम. गाडीचा एकूण रेशो (चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे किती फेरे) काढायला कॅटलॉग लागत नाही. क्लचचं कव्हर उघडा, बेलवर खडूची एक खूण करा, मागच्या चाकावर दुसरी. चाक हाताने एक पूर्ण फेरा फिरवा आणि बेलचे किती फेरे झाले ते मोजा. समजा 14 झाले. 4.10-6 टायरचा व्यास साधारण 330 मिमी, म्हणजे परीघ 1.04 मीटर. इंजिन 8,000 आरपीएमवर असताना चाक मिनिटाला 571 वेळा फिरणार, म्हणजे मिनिटाला 594 मीटर, ताशी सुमारे 36 किमी. सात वर्षांच्या मुलाला हा वेग कशासाठी हवा?

वेग जास्त आहे म्हणूनच पिकअप मरतो. चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे फेरे कमी असल्यामुळे क्लच पूर्ण धरायला वेळ लागतो, चढावर तो घसरत राहतो, बेल तापून निळी पडते, आणि मालक म्हणतो की इंजिनात दम नाही. इंजिनात दम असतो, तो क्लचमध्ये जळत असतो.

मागे 54 दात असतील आणि त्या जागी 64 दातांचं स्प्रॉकेट बसवलं, तर चाकावरची ओढ साडेअठरा टक्क्यांनी वाढते आणि याच हिशोबातला वेग 36 वरून 30 वर येतो. पुढचं 14 दातांचं काढून 11 चं घातलं तर ओढ सत्तावीस टक्के वाढते आणि वेग 28 वर येतो. पुढचं बदलणं स्वस्त पडतं आणि सोपंही आहे, पण लहान स्प्रॉकेटवर चेन जास्त वाकते आणि लवकर झिजते. 11 च्या खाली जाऊ नये. आमचं मत मागचं मोठं करण्याच्या बाजूने आहे. उरलेला वेग थ्रॉटलच्या डबीवर असलेल्या मर्यादा-स्क्रूने कापायचा. हा स्क्रू आत फिरवला की अंगठ्याचा दांडा पूर्ण दाबला जात नाही. मुलाचा हात बसत जाईल तसा तो अर्धा-अर्धा फेरा बाहेर काढायचा.

स्प्रॉकेट मागवण्याआधी चेन मोजा. या गाड्यांत दोन प्रकारच्या चेन येतात, 25एच आणि टी8एफ. दिसायला भावंडं, पण एकीचा पिच (लगतच्या दोन पिनांमधलं अंतर) 6.35 मिमी आणि दुसरीचा 8 मिमी. चेन ताणून धरा आणि एका पिनपासून दहाव्या पुढच्या पिनपर्यंतचं अंतर मोजा. 63.5 मिमी आलं तर 25एच, 80 आलं तर टी8एफ. स्प्रॉकेट एकीचं आणि चेन दुसरीची असं झालं, तर चेन बसणारच नाही, आणि बहुतेक ऑनलाइन परताव्यांचं कारण हेच असतं. मागे 10 दात वाढले की चेन साधारण 5 कड्यांनी वाढवावी लागते. पण चेन सम कड्यांतच जोडता येत असल्याने 6 कड्या घालून चाक थोडं मागे घ्यायचं. जोडणीच्या क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला हवं.

तयार स्प्रॉकेट मिळालं नाही तर पुण्याजवळच्या भोसरीत लेझर कटिंगवाल्याकडून करून घेता येतं. पण ‘तेवढं एक कापून द्या’ म्हणून जुना तुकडा पुढे करू नका. जुन्याचे दात झिजलेले असतात आणि झीजच कापून मिळते. दातांची संख्या, पिच आणि रोलरचा व्यास देऊन ड्रॉइंग करून घ्या. पत्रा साध्या एमएसऐवजी (मऊ स्टीलऐवजी) ईएन8 या जास्त टणक स्टीलचा मागा. जाडी चेनच्या आतल्या दोन पट्ट्यांमधल्या अंतरापेक्षा थोडी कमी ठेवा. मधलं भोक आणि दातांचा घेर एककेंद्री नसले, तर चेन प्रत्येक फेऱ्यात एकदा ताठ आणि एकदा ढिली होते. असं स्प्रॉकेट आवळून सुधारत नाही, परतच करावं लागतं.

चेनचा ढिलेपणा मधोमध 10 ते 12 मिमी, आणि तोही मूल गाडीवर बसलेलं असताना मोजायचा. दोन्ही स्प्रॉकेट एका रेषेत आहेत का, हे लांब स्टीलपट्टी लावून बघा. चेन उतरून अडकली तर ॲक्सल सलग असल्यामुळे दोन्ही मागची चाकं एकदम जाम होतात. म्हणून चेनचं गार्ड काढून ‘रेसिंग लुक’ करणाऱ्यांना एवढंच सांगणं की मुलाच्या पायाचा घोटा नेमका तिथेच असतो.

किटमधल्या सहा वस्तू

तीन शूजचा क्लच घ्या. मूळचा दोन शूजचा क्लच चढावर लवकर हार मानतो. तीन शूजच्या क्लचला तीन स्प्रिंगा आणि प्रत्येकीला ताण बदलायचा स्क्रू असतो. तिन्ही स्क्रू अगदी सारखेच फिरवायचे, पाव फेऱ्याचा फरकही थरथर आणतो. स्प्रिंग जितकी कडक, तितक्या वरच्या आरपीएमला क्लच धरतो. कडक केल्यावर गाडी दणका देऊन सुटते आणि विकणारा त्यालाच पिकअप म्हणतो. लहान मुलाच्या मानेला तो दणका नको. आयडलवर चाक पूर्ण स्थिर राहील आणि त्यापुढे थोडी रेस दिली की क्लच हळूच धरायला लागेल, एवढाच ताण ठेवा. नवीन शूजवर आणि बेलवर ग्रीसचं बोटही लागता कामा नये.

ॲल्युमिनियमचा पुल-स्टार्टही घ्या. मूळ स्टार्टरमधले प्लॅस्टिकचे खटके काही महिन्यांत तुटतात, आणि गाडी कपाटाशेजारी उभी राहण्याचं हे एक फार मोठं कारण आहे. दोरी कशी ओढायची हेही शिकवा. आधी हळूच, अडखळेपर्यंत, मग तिथून एक झटका, आणि दोरी हातानेच परत आत सोडायची. शेवटपर्यंत ओढून एकदम सोडलेली दोरी स्प्रिंग घेऊनच जाते.

19 मिमीचा कार्ब्युरेटर नको. मूळचा साधारण 15 मिमीचा असतो आणि या इंजिनाला तो पुरतो. मोठ्या भोकातून हवेचा वेग कमी होतो, कमी रेसवर पेट्रोल नीट ओढलं जात नाही, आणि गाडी नेमकी मुलाला हवी तिथेच मठ्ठ होते. वर हे कार्ब बहुतेक इटालियन डिझाइनच्या स्वस्त नकला असतात. त्यांची स्लाइड (हवेची वाट उघडणारा सरकता भाग) कधीकधी वरच अडकते, आणि अडकलेला थ्रॉटल घेऊन सात वर्षांचं मूल काय करणार? कुठलाही कार्ब बसवा, बसवण्याआधी आणि बसवल्यावर हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून थ्रॉटल दाबून सोडा. स्लाइड ‘टक’ असा आवाज करून खाली पडलीच पाहिजे.

शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर पुण्याच्या मुरमात विषासारखा आहे. मूळ डबीतला फोम ठेवा. तो साबणाच्या पाण्यात धुवा, वाळवा, त्यावर थोडं इंजिन ऑइल टाका आणि पिळून जास्तीचं काढा. कोरडा फोम धूळ अडवत नाही.

एक्सपान्शन सायलेन्सरबद्दल मतभेद होऊ शकतो, कारण त्याने इंजिनाची ताकद वाढते हे खरं आहे. पण ती वाढते वरच्या आरपीएमच्या एका अरुंद पट्ट्यात. त्याखाली गाडी आधीपेक्षा कमी ओढते आणि पट्ट्यात शिरली की एकदम उसळते. मोठ्या माणसाच्या रेसिंग बाइकला हे चालतं. शिवाय आवाज. निवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आहे, आणि त्या आकड्याच्या आधी सोसायटीचे सेक्रेटरी खाली येतात. मूळ सायलेन्सरच्या फ्लँजमध्ये कधीकधी लहान भोकाची चकती असते. ती काढायची इच्छा सगळ्यांनाच होते. काढलीत तर कार्ब्युरेटरमधलं जेट (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) बदलावं लागेल आणि वेग वाढेल, पिकअपमध्ये फारसा फरक नाही. राहू द्या.

राहिली ती निळी-लाल ‘रेसिंग’ कॉइल. पैसे वाया. त्याऐवजी कॉइल आणि फ्लायव्हील यांच्यातली फट तपासा. ती 0.3 ते 0.4 मिमी हवी. जाडसर व्हिजिटिंग कार्ड साधारण तेवढंच असतं. कार्ड मध्ये सरकवा, कॉइलचे बोल्ट ढिले करा, चुंबकाला तिला कार्डावर ओढू द्या, बोल्ट आवळा, कार्ड काढा. झालं.

प्लग आणि पेट्रोल

प्लगबाबत एक धोका खास पुण्यातला. नाना पेठेत किंवा गॅरेजमध्ये ‘टू-स्ट्रोकचा प्लग’ मागितला की यामाहा आरएक्स 100 बाइकचा प्लग हातात पडतो. आटे 14 मिमीचेच, म्हणून तो आरामात बसतोही. पण त्याच्या आट्यांची लांबी 12.7 मिमी आणि या इंजिनाला हवी 9.5 मिमी. जादाचे तीन मिमी आत घुसतात आणि पिस्टनच्या डोक्याला धडकू शकतात. एनजीकेचा बीपीएमआर7ए मागा. हाच प्लग ब्रश कटर आणि चेन सॉमध्ये वापरतात, त्यामुळे शेती अवजारांच्या सुट्या भागांच्या दुकानात तो सहज मिळतो. फट 0.6 ते 0.7 मिमी.

तेल 25 ला 1, म्हणजे लिटरला 40 मिली. काही जण धूर कमी व्हावा म्हणून 25 मिलीवर येतात. मोठ्या बाइकवर ते ठीक, इथे सिलिंडरला वारा फारसा लागत नाही. जासो एफसी किंवा एफडी लिहिलेलं टू-टी तेल घ्या आणि मापाने मोजा. बाटलीच्या टोपणाने अंदाज करू नका. मिश्रण टाकीत नाही, वेगळ्या कॅनमध्ये करायचं आणि हलवून ओतायचं. पहिल्या दोन टाक्या अर्ध्या थ्रॉटलवर. मे महिन्यात दहा-पंधरा मिनिटं चालवली की दहा मिनिटं विश्रांती.

जेटचं कोडं इथल्या हवेत आणि पंपावरच्या पेट्रोलमध्ये आहे. पुणे समुद्रसपाटीपासून 560 मीटरवर. हवा पाच टक्क्यांनी विरळ, त्यामुळे मिश्रण साधारण तीन टक्क्यांनी रिच (पेट्रोल जास्त असलेलं) होतं. उन्हाळ्यात पारा 38 वर गेला की अजून तेवढंच. दोन्ही मिळून साधारण सहा टक्के. पण पंपावर आता ई20 पेट्रोल मिळतं. 20 टक्के इथेनॉलमुळे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त लागतं, म्हणजे मिश्रण सात-आठ टक्क्यांनी लीन होतं. बाहेरच्या देशातल्या साध्या पेट्रोलसाठी जेट केलेली गाडी पुण्यात मे महिन्याच्या दुपारी बरोबर चालते, कारण दोन चुका एकमेकींना खातात. डिसेंबरच्या सकाळी हवा दाट होते, एक चूक बरीचशी नाहीशी होते, दुसरी तशीच उरते आणि इंजिन लीन चालतं. ‘थंडीत काय मस्त पळते’ असं वाटणारी गाडी सीझ होण्याच्या वाटेवर असते.

म्हणून मुख्य जेट एक पायरी मोठं ठेवा. जेटमधून जाणारं पेट्रोल भोकाच्या क्षेत्रफळावर ठरतं, त्यामुळे व्यासात चार टक्के वाढ म्हणजे पेट्रोलमध्ये आठ टक्के. 60 नंबरचं असेल तर 62 पुरतं. स्वस्त जेटवरचा आकडा मात्र खरा असेलच असं नाही, म्हणून शेवटचा शब्द प्लगचा. गरम इंजिनावर नवीन प्लग लावा, मोकळ्या जागेत एखाद्या हलक्या मोठ्या मुलाला पूर्ण थ्रॉटलवर शंभर-दोनशे मीटर जाऊ द्या, तिथेच किल स्विच ओढायला सांगा. प्लग काढून बघा. कॉफीसारखा तपकिरी असेल तर बरोबर, पांढरा असेल तर लीन, काळा आणि ओला असेल तर रिच. मधल्या थ्रॉटलवर अडखळत असेल, तर सुईची क्लिप एक खाच खाली घ्या. सुई वर येते आणि मिश्रण रिच होतं. एका वेळी एकच बदल. जेट, सुई आणि प्लग एकदम बदलणाऱ्याला कशाने काय झालं ते कधीच कळत नाही.

ब्रेक

इंजिनाला हात लावण्याआधी ब्रेकला लावायला हवा होता, हे मान्य. मूळच्या केबलचं आवरण मऊ असतं. लिव्हर दाबली की तेच दबतं आणि पॅड जेमतेम डिस्कला टेकतात. चांगलं सायकलचं ब्रेक आवरण आणि 1.5 ते 1.6 मिमीची आतली तार टाका. गिअरची तार 1.1-1.2 मिमीची असते, ती इथे चालत नाही. मुलाची बोटं लिव्हरपर्यंत पोचतात का ते बघून लिव्हर आत घ्या. पुढचे दोन ब्रेक एका लिव्हरवर असतात. डावा आणि उजवा सारखा ओढला गेला नाही, तर ब्रेक दाबताच गाडी वळते. चेनवर तेल मारताना डिस्कवर कापड ठेवा. तेल लागलेले पॅड घासून सुधारत नाहीत, फेकावे लागतात.

कसोटी एकच. मुलाने एका हाताने लिव्हर दाबल्यावर मुरमावर चाकं अडली पाहिजेत. तुमच्या हाताने अडून उपयोग नाही.

बॅटरीवाली असेल तर

36 व्होल्ट, 500 वॉटची इलेक्ट्रिक क्वाड ही बहुतेक पुणेकर घरांसाठी जास्त शहाणपणाची खरेदी आहे. आवाज नाही, जेट नाही, आणि टॉर्क शून्यापासून मिळतो. तिची दुखणी वेगळी. आत 12 व्होल्टच्या तीन लेड-ॲसिड बॅटऱ्या असतात, 12 एएचच्या असल्या तर मिळून सुमारे 12 किलो. चढावर व्होल्टेज 31.5 च्या आसपास घसरलं की कंट्रोलर गाडी बंद करतो आणि लोक मोटर जळाली समजतात. मीटर लावून, गाडीवर भार असताना, प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा. बहुधा एकच मेलेली असते.

लिथियम फॉस्फेटचा 12 सेलचा पॅक टाकला तर वजन निम्म्याहून खाली येतं आणि पिकअप खरोखर सुधारतो, कारण भाराखाली व्होल्टेज पडत नाही. बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) मात्र कंट्रोलरच्या कमाल करंटपेक्षा मोठा हवा. कंट्रोलर 25 अँपिअरचा असेल तर बीएमएस 30 च्या वरचा. चार्जर 43.8 व्होल्टचा नवीन घ्यायचा, जुना तसाच जोडायचा नाही, आणि फ्यूज पॅकच्या अगदी जवळ.

48 व्होल्ट टाकायचा मोह टाळा. तो पॅक पूर्ण चार्ज झाला की 54 व्होल्टच्या आसपास जातो आणि 36 व्होल्टच्या कंट्रोलरमधले कपॅसिटर बहुधा 50 व्होल्टचेच असतात. ते फुटतात, आणि मॉस्फेट (कंट्रोलरमधला करंट चालू-बंद करणारा भाग) शॉर्ट झाला तर मोटर पूर्ण वेगाने अडकून राहते. इथेही पिकअपसाठी मागचं स्प्रॉकेटच मोठं करा, गणित तेच.

पुण्यात काय कुठे

प्लग, लॉकटाइट, टू-टी तेल आणि केबलची टोकं नाना पेठेत. फ्यूज, कनेक्टर आणि जाड वायर तपकीर गल्लीत. बुश, स्पेसर आणि स्प्रॉकेट भोसरीत. पुढच्या सस्पेन्शनचे प्लॅस्टिक बुश ढिले झाले असतील, तर नायलॉनचे बुश लेथवर करून घेणं मूळचे मागवण्यापेक्षा बरं. बेअरिंग घ्यायला जाताना जुनं बरोबर न्या, नंबर त्याच्या पत्र्यावरच असतो. टी8एफ आणि 25एच चेन, क्लच आणि पुल-स्टार्ट मात्र बहुधा ऑनलाइनच मागवावे लागतात. बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारायला हरकत नाही, पण ब्रेकचे पॅड आणि हेल्मेट तिथून घेऊ नका.

गाडी चालवायची ती स्वतःच्या किंवा परवानगी घेतलेल्या, कुंपण असलेल्या जागेत. या गाड्यांना नोंदणी नाही, त्या रस्त्यावर नेता येत नाहीत. सोसायटीचा पार्किंग रॅम्पही त्यांची जागा नाही. अल्पवयीन मुलाने रस्त्यावर गाडी चालवून गुन्हा केला, तर मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये आलेल्या 199ए कलमाने पालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड. मुळशी-पानशेतकडे शेत असेल तर तिथेच ठेवा. डोक्याला पूर्ण चेहरा झाकणारं, मुलाच्याच मापाचं हेल्मेट, घोट्यावर येणारे बूट आणि हातमोजे. गाडीवर एकच मूल, मागे धाकटं भावंड बसवायचं नाही. सलग ॲक्सलची गाडी वळवायला अंग हलवावं लागतं आणि मागे कोणी बसलं की ते हलवता येत नाही.

जूनमध्ये पाऊस लागला की गाडी दोन-तीन महिने उभी राहते, आणि ई20 चा खरा त्रास तेव्हाच होतो. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, पाणी तळाशी बसतं, फ्लोट बाउलमध्ये (कार्ब्युरेटरच्या तळाच्या वाटीत) पांढरट चिकटा धरतो आणि जेट बंद होतं. म्हणून टाकी रिकामी करा, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, बाउलचा तळाचा स्क्रू उघडून उरलेले थेंब काढा. प्लगच्या भोकात चमचाभर टू-टी तेल सोडा, किल स्विचची दोरी काढून ठेवा, स्टार्टर दोनदा हळू ओढा, प्लग परत लावा. पेट्रोलची नळी कडक वाटत असेल, तर गणपतीच्या सुट्टीत गाडी काढण्याआधी ती बदला. अर्ध्या फुटाची नळी लागते.